आखाड्याची घटना आणि शिकवणीवाल्यांचं मंडळ

पत्र :

काका, सप्रेम नमस्कार.

आम्ही तालुक्याच्या गावात शिकवण्या घेणारे एकेचाळीस जण आहोत. २०१८ साली मंडळ रजिस्टर केलं. तेव्हा घाई होती, म्हणून अध्यक्ष सरांच्या ओळखीच्या एका तालमीची घटना, म्हणजे नियमावली, आणली, नाव-पत्ता बदलला आणि दिली. आता त्यातलं कलम १४ वाचून हसू येतं : ‘सभासदाने पाय धुतल्याशिवाय आखाड्यात उतरू नये.’ पण हसायची वेळ राहिलेली नाही. दर वर्षी आम्ही दहावीची सामाईक सराव परीक्षा घेतो. त्यातून बँकेत साडेचार लाख साठलेत. पेपर छापले जातात ते सरांच्या मेहुण्यांच्या प्रेसमध्ये. निवडणूक एकदाही झालेली नाही. यंदा मी विषय काढला तर सर म्हणाले, ‘घ्या की! पण मतदार कोण?’ वर्गणी वर्षाला दोनशे रुपये, ती २०२१ पासून कोणीच भरली नव्हती. आणि त्याच आठवड्यात सरांनी व त्यांच्या चार मित्रांनी आपापल्या पावत्या फाडून घेतल्या होत्या. शेवटी तोडगा असा निघाला की चिटणीस म्हणून मी नवी नियमावली लिहावी. सूचना भरपूर आल्यात. किमान फी ठरवा, दुसऱ्याचा विद्यार्थी घेणाऱ्याला दंड करा, शिल्लक दिवाळीला वाटून टाका, पालकांनी तक्रार आधी मंडळाकडेच करावी. आमच्यात दोघे शाळेत नोकरीला असलेले शिक्षकही आहेत. एखादा आदर्श नमुना असेल तर पाठवाल का?

— एक चिटणीस

उत्तर :

चिटणीसबाई, नमुना पाठवत नाही. नमुन्यानेच तर तुम्हाला आखाड्यात उतरवलंय.

आणि जरा रागावूनच सांगतो, नियमावली लिहायचं हे काम तुमच्या गळ्यात घालणाऱ्याने ते फार हुशारीने घातलंय. तुम्ही सहा महिने मसुदा लिहिणार, लोक स्वल्पविरामांवर भांडणार आणि निवडणूक पुढच्या वर्षावर जाणार. समजा मसुदा झालाही, तरी तो मंजूर कोण करणार? सभासद. सभासद कोण, हेच ठरलेलं नसेल तर तुमची सोन्यासारखी नियमावली पहिल्याच हरकतीत आडवी होईल. म्हणून लेखणी खाली ठेवा आणि आधी सभासद नोंदवही काढा. आहे ना? नसेल तर २०१८ पासूनची पावतीपुस्तकं काढा.

तुमचं मंडळ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेलं आहे आणि महाराष्ट्रात अशी संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवतात, म्हणून तुमच्याकडे दुसरा तो ‘एफ’ने सुरू होणारा नंबरही असेल. त्या १८६० च्या कायद्याचं कलम १५ नीट वाचा. नियमांप्रमाणे दाखल झालेला, वर्गणी दिलेला किंवा सभासदांच्या यादीवर सही केलेला आणि राजीनामा न दिलेला माणूस, तो सभासद. पण ज्याची वर्गणी त्या वेळी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकलेली आहे त्याला मत नाही आणि त्याची सभासदांत मोजणीही नाही. अध्यक्ष सरांनी हे कलम वाचलेलं आहे, नाहीतर त्या आठवड्यात पाच पावत्या फाटल्या नसत्या. एकेचाळीस जणांच्या मंडळात आज मत देण्यालायक माणसं पाच, असा त्यांचा हिशेब.

हिशेब हुशार आहे, पण त्यात दोन भोकं आहेत. कायदा ‘त्या वेळी’ थकलेली वर्गणी म्हणतो, कायमची हकालपट्टी म्हणत नाही. थकबाकी भरली की माणूस परत आत. हजार रुपयांचा प्रश्न आहे, पाच वर्षांचे पाच गुणिले दोनशे. दुसरं, त्या पाच पावत्यांवर काय लिहिलंय ते डोळ्यांनी बघा. फक्त चालू वर्षाचे दोनशे घेतले असतील आणि मागचे आठशे राहिलेच असतील, तर सरही तुमच्याच रांगेत उभे आहेत. अशा वेळी ‘मागचं सगळं माफ’ असा ठराव करावा, असं कोणीतरी मोठ्या मनाने सुचवेल. करू नका. माफीच्या ठरावाला मत कोण देणार, हा प्रश्न लगेच उभा राहतो आणि उत्तर परत तेच पाच जण.

तेव्हा कार्यकारिणीची सभा लावा आणि थकबाकी भरायला तीस दिवसांची मुदत द्या. नोटीस एकेचाळीसही जणांना गेली पाहिजे, तुमच्याशी न बोलणाऱ्यांनाही. खजिनदार पैसे घ्यायला टाळाटाळ करत असतील तर मंडळाच्या बँक खात्यात नावानिशी भरा आणि स्लिप जपून ठेवा. मुदत संपली की कच्ची यादी लावायची, हरकतींना आठ दिवस, मग पक्की यादी. तिच्यावरून निवडणूक आहे त्याच घटनेप्रमाणे घ्यायची. हो, तालमीच्याच. आखाडा असला तरी निवडणुकीचं कलम तिथे असणारच. निर्णय अधिकारी गावातला एखादा निवृत्त मुख्याध्यापक किंवा बँक मॅनेजर बघा, ज्याच्या घरातलं कोणी शिकवणी घेत नाही. नवी नियमावली त्यानंतर, नव्या कार्यकारिणीने मांडलेली. हे काहीच होऊ देत नसतील तर विश्वस्त कायद्याच्या कलम ४१अ खाली धर्मादाय कार्यालयाकडे निर्देश मागता येतात. पण तो जिना शेवटी चढा. एकदा चढलात की उतरायला वर्षं लागतात.

हे मी अनुभवाने सांगतोय. एका वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी बरीच वर्षं होतो. एका वार्षिक सभेत विषयपत्रिका संपली, चहा आला, निम्मी मंडळी चपला शोधायला लागली आणि त्या गडबडीत ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या सदरात घटनादुरुस्ती उरकली. पदाधिकाऱ्यांची मुदत तीनावरून पाच वर्षं. सूचक एक, अनुमोदक एक, टाळ्या. मीही हात वर केला होता, कपबशी डाव्या हातात धरून. पुढे हा बदल धर्मादाय कार्यालयात नोंदवायच्या अर्जावर (‘बदल अर्ज’ म्हणतात त्याला) हरकत आली आणि सात वर्षं तारखा चालल्या. तेवढ्या काळात वाचनालयाला नवी कपाटं घेता आली नाहीत, कारण चेकवर सही कोणाची चालेल हेच बँकेला कळेना.

त्यामुळे नव्या नियमावलीत पहिलं वाक्य कुठलंही लिहा, हे मात्र लिहाच : घटनादुरुस्ती, सभासद काढून टाकणे, मालमत्ता आणि विसर्जन हे विषय ऐनवेळी घेता येणार नाहीत आणि तहकूब सभेतही घेता येणार नाहीत. तहकूब सभेचं ते नेहमीचं कलम तुमच्याही घटनेत असेल, ‘गणपूर्ती न झाल्यास सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल व तिला गणपूर्तीची अट राहणार नाही.’ हिशेब मंजूर करायला ते बरं आहे. घटना बदलायला नाही. सात माणसं अर्धा तास बाहेर पान खाऊन आली आणि मंडळाचा कायापालट करून गेली, हे होता कामा नये. मंडळाचे उद्देशच बदलायचे असतील (आणि तुम्हाला ते बदलावे लागणारच, शरीरसौष्ठव वाढवणं हा तुमचा उद्देश नसावा) तर त्याची वाट कायद्यानेच आखून दिलीय. कलम १२ प्रमाणे लेखी प्रस्ताव प्रत्येक सभासदाला दहा दिवस आधी पोहोचवायचा, खास सभेत तीन-पंचमांश मतं मिळवायची आणि महिनाभराच्या अंतराने दुसऱ्या खास सभेत पुन्हा तीन-पंचमांशांनी तो कायम करायचा. दोन सभा. एका दमात होत नाही.

सभासद कोण होऊ शकतो, हे कलम लिहायला तुम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागावा अशी माझी इच्छा आहे. तुमच्या एकेचाळीसांत घरच्या हॉलमध्ये आठ मुलं घेऊन बसणाऱ्या बाया किती आणि तीन मजली क्लास चालवणारे किती, हे तुम्ही लिहिलं नाहीत. दोन्ही असणार. सभासदत्व क्लासला दिलंत तर आठ मुलांच्या बाई आणि आठशे मुलांचे सर यांचं मत एकच, पण त्या सरांकडे पगारावर शिकवणाऱ्या सहा जणांना आवाजच नाही. व्यक्तीला दिलंत तर त्याच सरांची सहा माणसं सरांच्या डोळ्यांकडे बघून हात वर करणार. माझं मत विचाराल तर सभासदत्व शिकवणाऱ्या व्यक्तीला द्या, क्लासला नको. जो स्वतः फळ्यासमोर उभा राहत नाही, नुसते पैसे गुंतवतो, त्याला नको. आणि एका क्लासशी संबंधित दोनांपेक्षा जास्त माणसं एका वेळी कार्यकारिणीवर नकोत. निवडणूक गुप्त मतदानाने घ्या, हात वर करून नाही. ‘आश्रयदाता’, ‘मानद’, ‘आजीव’ असले प्रकार तालमीच्या घटनेत हमखास असतात. तालमीला दूध-बदाम देणारा शेठ लागतो, तुम्हाला लागत नाही.

ते दोन शाळेतले शिक्षक. त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं, पण शिक्षणहक्क कायदा, २००९ चं कलम २८ सरळ म्हणतं की शिक्षकाने खासगी शिकवणी घेऊ नये. त्यांना सभासद करून घेणं म्हणजे त्यांच्याविरुद्धचा पुरावा तुमच्याच नोंदवहीत लिहून ठेवणं. निवृत्त झाले की हार घालून घ्या.

किमान फी ठरवण्याचा विषय. ज्यांनी सुचवलंय त्यांचं दुखणं खरं आहे, समोरच्या गल्लीत कोणीतरी निम्म्या फीवर बसतो आणि यांच्या बॅचमधली चार मुलं उठून जातात. पण वेगवेगळा व्यवसाय करणाऱ्यांनी एकत्र येऊन दर ठरवायचा, हे स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ ला चालत नाही, आणि ते संघटनेमार्फत केलं म्हणून पवित्र होत नाही. औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी ‘आमची ना-हरकत असल्याशिवाय नवा वितरक नेमायचा नाही’ असले नियम केले, तेव्हा स्पर्धा आयोगाने त्यांना दंड केलाय. दुसऱ्याचा विद्यार्थी घेणाऱ्याला दंड, हेही त्याच माळेतलं. शिवाय विद्यार्थी ‘दुसऱ्याचा’ असतो म्हणजे काय? म्हैस आहे का ती? मूल कुठे शिकेल ते त्याचे आईबाप ठरवणार. आचारसंहितेत घालण्यासारखं पुष्कळ आहे. फीची पावती द्यायची, मध्येच सोडलं तर किती परत मिळेल ते प्रवेशाच्या वेळी लेखी सांगायचं, दुसऱ्या शिक्षकाची वर्गात निंदा करायची नाही. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत मध्येच सोडणाऱ्या विद्यार्थ्याची उरलेली फी दहा दिवसांत परत द्यायला सांगितलंय. त्या पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांना धरून आहेत, तुमच्यातल्या बऱ्याच जणांना लागू होणार नाहीत. पण फी परतीचं कलम लिहिताना तो आकडा समोर ठेवा.

फ्लेक्सचंही लिहा. दहावीच्या निकालानंतर एकच मुलगी, त्याच दोन वेण्या, तोच निळा ड्रेस, गावातल्या तीन क्लासच्या फ्लेक्सवर ‘आमची गुणवंत’ म्हणून झळकते, हे तुमच्याकडेही होत असणारच. गणिताला एकीकडे, इंग्रजीला दुसरीकडे आणि मे महिन्यात चार दिवस तिसरीकडे बसलेली असते बिचारी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत निकाल लागल्यानंतर घेतलेल्या लेखी संमतीशिवाय यशस्वी विद्यार्थ्याचं नाव-फोटो वापरू नये असं आहे. कायद्याच्या धाकाने नाही, तर निदान त्या मुलीला विचारायचं म्हणून तरी हा नियम करा.

‘पालकांनी तक्रार आधी मंडळाकडेच करावी’ हे वाक्य मसुद्यात असेल तर आजच्या आज खोडा. फी, बॅचची वेळ, पोर्शन राहिला, अशा तक्रारी मंडळाने जरूर ऐकाव्यात. पण मुलाला त्रास दिल्याची, अंगाला हात लावल्याची तक्रार कानावर आली तर ती मंडळाने ‘मिटवायची’ नसते. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असं कळलेल्या माणसाने पोलिसांना कळवायचं असतं आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. तो गुन्हा चिटणीस म्हणून तुमच्या नावावर लागेल. नियमावलीत उलट लिहा : अशी माहिती ज्या पदाधिकाऱ्याला मिळेल त्याने ती त्याच दिवशी पोलिसांना द्यावी, त्यासाठी कार्यकारिणीच्या ठरावाची वाट बघू नये.

साडेचार लाखांचं वाटप करता येणार नाही. मंडळ नफ्यासाठी नाही याचा अर्थ शिल्लक राहू नये असा नाही, ती सभासदांच्या खिशात जाऊ नये असा आहे. मंडळ उद्या विसर्जित झालं तरी कलम १४ (तुमचं पाय धुण्याचं नव्हे, १८६० च्या कायद्याचं) सांगतं की उरलेली मालमत्ता सभासदांत वाटायची नाही, दुसऱ्या संस्थेला द्यायची. दिवाळी भेट म्हणून तर नाहीच नाही. पेपर काढणाऱ्या आणि तपासणाऱ्यांना कामाचा मोबदला देता येतो. दर आधी ठरवा, सगळ्यांना सारखा ठेवा, व्हाउचरवर सही घ्या. अध्यक्षांनी दहा पेपर तपासले तर त्यांनाही दहाचेच पैसे.

मेहुण्यांच्या प्रेसबद्दल मी अध्यक्षांना लबाड म्हणणार नाही. कदाचित ते खरंच स्वस्तात, उधारीवर, रात्री बारा वाजता पेपर छापून देत असतील. गावात असंच चालतं आणि पुष्कळदा चांगलं चालतं. पण हे कागदावर यायला हवं. नियम साधा करा. ठरावीक रकमेवरच्या खरेदीला तीन दरपत्रकं घ्यायची, ज्याचं नातं किंवा धंदा त्यात गुंतलाय त्याने ते सभेत सांगायचं, त्या विषयापुरतं खोलीबाहेर जायचं आणि इतिवृत्तात तसं लिहायचं. प्रेस मेहुण्यांचीच ठरली तरी हरकत नाही. उलट पुढच्या वर्षी कोणी कुजबुजलं तर सरांनाच तो कागद उपयोगी पडेल. हे त्यांना असंच समजावून सांगा, कलम तेच सुचवतील.

बाकीचं पटकन. कार्यकारिणीची मुदत तीन वर्षं आणि एका पदावर सलग दोनच वेळा. मुदत संपल्यावर जुनी कार्यकारिणी फक्त रोजचं काम बघेल, नवा खर्च, नवे सभासद नाहीत. एक-पंचमांश सभासदांनी लेखी मागितलं तर तीस दिवसांत सभा, अध्यक्षांनी बोलावली नाही तर मागणाऱ्यांनीच बोलवायची. हे कलम आज तुमच्याकडे असतं तर तुमच्यावर मला पत्र लिहायची वेळ आली नसती. नोटीस कशी जाईल ते नीट लिहा. जुन्या घटनांत ‘यूपीसीने’ (पत्र टाकल्याचा पोस्टाचा दाखला घेऊन) असतं, पोस्टाने ती सोय बंद करूनही जमाना झाला. नोंदवहीतल्या मोबाइलवर आणि ईमेलवर गेलेली नोटीस चालेल असं लिहिलंत तरच ती चालेल. आणि एक ओळ टाका, की व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढणं म्हणजे सभासदत्वातून काढणं नव्हे. सभासदाला काढायचं तर लेखी आरोप, उत्तराला पंधरा दिवस, समोर बोलण्याची संधी, कारणासहित निर्णय आणि सर्वसाधारण सभेकडे दाद. तक्रार करणारा निर्णयाला बसणार नाही.

वार्षिक सभेचा महिनाही नियमातच बांधा. हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं, ऑडिट सहा महिन्यांत व्हायला हवं. जूनमध्ये तुमचे प्रवेश, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, तेव्हा कोणी येणार नाही. ऑगस्टचा रविवार, दुपारी दोन ते चार, सकाळची बॅच सुटल्यावर आणि संध्याकाळची भरायच्या आत. गणपतीच्या आधी उरका. सभेनंतर चौदा दिवसांत कार्यकारिणीची यादी निबंधकांकडे द्यायची असते, ती २०१८ पासून कधी दिली का ते विचारा. उत्तर मला माहीत आहे.

निवडणूक झाली की नव्वद दिवसांच्या आत कलम २२ चा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात द्या. सोबत सभेची नोटीस, ती पोचल्याचा पुरावा, हजेरीपटाची प्रत, ठराव, नव्या पदाधिकाऱ्यांची संमतीपत्रं. उद्देश किंवा पदाधिकारी निवडायची पद्धत बदललीत तर त्याचाही वेगळा अर्ज. त्याआधी परिशिष्ट एकचा, म्हणजे त्या कार्यालयातल्या मंडळाच्या नोंदीचा, उतारा काढून आणा आणि त्यावर आज कोणाकोणाची नावं आहेत ते बघा. आठ वर्षांपूर्वीच्या सात जणांतले सगळे अजून शिकवण्या घेतात का, गावात तरी आहेत का, हयात आहेत का? नसतील तर त्या जागा रिकाम्या कशा झाल्या याचे कागद आधी गोळा करा. बदल अर्जात पहिला प्रश्न तोच येतो.

पावत्यांवर काय लिहिलं होतं ते कळवा. मला त्याचीच उत्सुकता आहे.